‘पंपिंग 30 टक्के’ म्हणजे नेमकं काय? इकोच्या रिपोर्टमधले आकडे समजून घेताना

टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात पडला की घरातले सगळे एकच आकडा शोधतात. पंपिंग किती? तिथे 60 टक्के दिसलं तर कुणाचा जीव भांड्यात पडतो, तर कुणाला धडकी भरते, की म्हणजे 40 टक्के हृदय कामातून गेलं की काय. 30 टक्के दिसलं तर ‘हृदय फक्त तीस टक्केच चालतंय’ ही बातमी संध्याकाळच्या आत सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचते. मग त्या माणसाला कुणी जिना चढू देत नाही, कुणी पिशवी उचलू देत नाही. आकडा खोटा नसतो, पण त्यावरून काढलेला अर्थ बहुतेक वेळा चुकलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की पंपिंगचा आकडा एकटा वाचू नये. हृदयाचा कप्पा केवढा आहे, मोजमाप कोणत्या पद्धतीनं घेतलं आणि यापूर्वी किती होतं, हे तिन्ही शेजारी ठेवलं तरच त्यातून काही कळतं.

टक्के कशाचे?

हृदयाला चार कप्पे. वरच्या दोन कर्णिका रक्त गोळा करतात, खालच्या दोन जवनिका ते पुढे ढकलतात. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू बाकीच्या सगळ्या शरीराकडे. सर्वांत जास्त कष्ट डाव्या जवनिकेला पडतात. रिपोर्टमधला ‘एलव्हीईएफ’ हा आकडा तिचाच.

समजा, डावी जवनिका पूर्ण भरते तेव्हा तिच्यात 110 मिली रक्त मावतं. आकुंचन झाल्यावर 44 मिली आतच उरतं, 66 मिली बाहेर जातं. 110 पैकी 66, म्हणजे 60 टक्के. पंपिंग म्हणतात ते हेच. कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती हिस्सा बाहेर पडला, एवढंच तो सांगतो. निरोगी हृदयही कप्पा कधी पूर्ण रिकामा करत नाही, त्यामुळे 100 टक्के पंपिंग कुणाचंच नसतं. अमेरिकन आणि युरोपीय इको संघटनांनी 2015 मध्ये मिळून जी मार्गदर्शक मोजमापं प्रसिद्ध केली, त्यात पुरुषांसाठी 52 ते 72 टक्के आणि स्त्रियांसाठी 54 ते 74 टक्के ही सामान्य मर्यादा दिली आहे. म्हणजे 60 टक्केवाल्याचं काहीही कमी झालेलं नाही.

आता दुसरं हृदय घ्या. त्याची डावी जवनिका पसरून 220 मिलीची झाली आहे आणि पंपिंग आहे 30 टक्के. 220 चे 30 टक्के काढा, उत्तर पुन्हा 66 मिलीच येतं. शरीराला दर ठोक्याला मिळणारं रक्त दोघांचं सारखंच. म्हणून तर 30 टक्के पंपिंग असलेला एखादा माणूस स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात येतो, आणि घरच्यांना रिपोर्टवर विश्वास बसत नाही.

यात झालेलं असं की स्नायू अशक्त झाला, तेव्हा पुरवठा टिकवण्यासाठी कप्प्यानं आपला आकार वाढवला. ही तडजोड काही काळ निभावते, पण ती महागात पडते. कप्पा जितका रुंद, तितका त्याच्या भिंतीवरचा ताण जास्त. ताण जास्त म्हणून भिंतीला प्राणवायू जास्त लागतो, आणि स्नायू आणखी थकतो. कप्पा पसरला की डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांच्यामधल्या मायट्रल झडपेच्या पाकळ्या एकमेकींपासून ओढल्या जातात आणि झडप गळू लागते. म्हणून पंपिंगच्या आकड्याइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, मला कप्प्याचा आकार महत्त्वाचा वाटतो. पंपिंग 35 टक्के पण कप्पा अजून फारसा न पसरलेला, हा एक रुग्ण. पंपिंग 35 टक्के आणि कप्पा दुपटीनं पसरलेला, हा दुसरा. दोघांच्या रिपोर्टवर आकडा एकच छापला जातो, पण दुसऱ्याचा आजार सहसा जास्त मुरलेला असतो.

तिसरं हृदय मात्र फसवं. बरीच वर्षं रक्तदाब वाढलेला, गोळ्या मध्ये मध्ये सुटलेल्या, वय सत्तरीच्या आसपास. भिंती जाड झाल्या आहेत आणि कप्पा आतून अरुंद झाला आहे. समजा त्यात 70 मिलीच रक्त मावतं आणि पंपिंग आहे 65 टक्के. बाहेर पडतं साधारण 45 मिली. आकडा तिघांत सर्वांत चांगला, पुरवठा सर्वांत कमी! शिवाय ताठ झालेला कप्पा सहज भरत नाही, त्यामुळे मागे फुप्फुसांत दाब वाढतो आणि दम लागतो. अशा बायका-पुरुषांना ‘तुमचं पंपिंग उत्तम आहे, हृदयाचं काही नाही’ असं सांगून घरी पाठवलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पंपिंग 50 टक्के किंवा त्याहून जास्त असतानाही हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय शरीराच्या गरजेला पुरं न पडणं, होतं. वैद्यकशास्त्रात त्याचा वेगळा प्रकारच मानला आहे आणि त्याचे उपचारही आहेत.

आवाजानं कप्पा मोजायचा कसा?

इकोचा प्रोब छातीवर टेकवला की तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत सोडतो. माणसाचा कान सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतच ऐकू शकतो, मोठ्या माणसांच्या इकोत ही कंपनं सेकंदाला काही लाखांत जातात, बहुधा 20 ते 50 लाख. मऊ ऊतींमधून आवाज सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगानं जातो. भिंत किंवा झडप लागली की त्याचा काही भाग परततो, आणि परतायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. 15 सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला सेकंदाच्या पाच-हजाराव्या भागाइतकाच वेळ लागतो, म्हणून धडधडणारं हृदय हलतं असतानाच पडद्यावर दिसतं. यात क्ष-किरण नाहीत. इको कितीही वेळा केला तरी किरणोत्सर्गाचा प्रश्न येत नाही.

या तपासणीचा उगम स्वीडनमधला. लुंड इथले डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांनी 1953 च्या ऑक्टोबरमध्ये हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली. धातूतल्या अदृश्य भेगा शोधायला जहाजबांधणीच्या कारखान्यात जे यंत्र वापरत, तसल्याच यंत्रानं. एडलरना शस्त्रक्रियेआधी मायट्रल झडपेची अवस्था बाहेरून कळायला हवी होती.

आवाजाला हवा आणि हाड दोन्ही चालत नाहीत. हृदयापुढे बरगड्या, आजूबाजूला हवेनं भरलेली फुप्फुसं. म्हणून तुम्हाला डाव्या कुशीवर वळायला सांगतात, त्यानं हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं. म्हणून श्वास सोडून थांबायला सांगतात. थंड जेल लावतात ते प्रोब आणि त्वचेमध्ये हवा राहू नये यासाठी. लठ्ठ माणसांत किंवा दम्यानं फुप्फुसं फुगलेल्यांत चित्र धूसर येतं. तो यंत्राचा दोष नव्हे, करणाऱ्याचाही नव्हे. रिपोर्टवर ‘पुअर विंडो’ असं लिहिलेलं असेल तर त्यातले आकडे तेवढे सैल धरायचे.

कप्पा मोजायची सर्वांत जुनी पद्धत एका रेषेची. जवनिकेच्या मधोमध एक रेघ आखायची, ती पूर्ण पसरलेली असतानाची रुंदी आणि आवळलेली असतानाची रुंदी मोजायची, आणि सूत्रानं बाकीचं काढायचं. रिपोर्टवर ‘एलव्हीआयडीडी’ आणि ‘एलव्हीआयडीएस’ असे दोन आकडे मिलिमीटरमध्ये असतात ते हेच. आधी सांगितलेल्या 2015 च्या मोजमापांनुसार पसरलेल्या अवस्थेत पुरुषांत साधारण 42 ते 58 मिलिमीटर, स्त्रियांत 38 ते 52 मिलिमीटर ही सामान्य मर्यादा.

रुंदी म्हणून हे आकडे उपयोगीच आहेत. गडबड होते ती त्यांच्यावरून घनफळ काढताना, कारण रुंदीचा घन करावा लागतो. 50 मिलिमीटरच्या जागी चुकून 53 मोजलं, रेघ जराशी तिरकी गेली म्हणा, तर घन 125 घन सेंटिमीटरवरून जवळपास 149 वर जातो. चूक तीन मिलिमीटरची, फरक एकोणीस टक्क्यांचा. शिवाय हे सूत्र गृहीत धरतं की सगळा कप्पा सारखाच आकुंचन पावतो. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्याच्या हृदयात टोकाकडचा भाग निपचित आणि मधला भाग जोरात चालत असेल, तर मधल्या रेघेवरून काढलेलं पंपिंग भलतंच चांगलं दिसेल. म्हणून पंपिंग काढायला ही पद्धत आता वापरू नये अशीच शिफारस आहे. तरीही पुष्कळ रिपोर्टांवर ती अजून दिसते.

योग्य पद्धत वेगळी आहे. प्रोब हृदयाच्या टोकाशी ठेवून दोन बाजूंनी चित्रं घ्यायची, एकात चारही कप्पे दिसतात, दुसऱ्यात डावीकडचे दोन. दोन्हींत जवनिकेची आतली कड आखायची. मग यंत्र काकडीच्या चकत्या कराव्यात तसे जवनिकेचे आडवे वीस काप करतं, प्रत्येक कापाचं घनफळ काढतं आणि बेरीज करतं. एकदा कप्पा भरलेला असताना, एकदा आवळलेला असताना. हिला सिम्पसनची पद्धत म्हणतात. कप्प्याचा एखादा भाग वेडावाकडा असला तरी तो हिशेबात येतो.

हिलाही खाचखळगे आहेत. प्रोब एक बरगडी वर ठेवला गेला तर आवाजाचा पट्टा हृदयाच्या खऱ्या टोकातून न जाता बाजूनं तिरका जातो. मग कप्पा आखूड आणि गोल दिसतो, घनफळ कमी येतं, आणि टोकाशी असलेली रक्ताची गुठळी नजरेतून निसटू शकते. अनुभवी हात इथेच ओळखू येतो.

मोठ्या गर्दीच्या सेंटरमध्ये पुष्कळदा पंपिंग आखून मोजलेलंच नसतं, पाहून अंदाजानं लिहिलेलं असतं. हे ऐकून दचकू नका. हजारो हृदयं पाहिलेल्या डॉक्टरांचा अंदाज मोजमापाच्या बराच जवळ जातो, आणि पहिल्या तपासणीत ‘चांगलं, मध्यम की वाईट’ एवढं कळायला तो पुरतो. पण उपचार बदलायचा की नाही हे ज्या आकड्यावर ठरणार, तो मोजलेलाच असावा. ‘हे सिम्पसननं काढलं आहे का?’ असं नम्रपणे विचारण्यात काहीच गैर नाही.

पाच टक्क्यांनी पंपिंग घसरलं?

मागच्या वर्षी 55, यंदा 50. घरात चिंता सुरू. एकाच माणसाचा इको दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी केला तर साध्या द्विमितीय पद्धतीत 10 अंकांपर्यंतचा फरक नुसत्या मोजणीतून पडू शकतो. त्रिमितीय इकोत तो कमी होतो, सुमारे 6 अंकांपर्यंत. म्हणजे 55 आणि 50 या दोन आकड्यांमध्ये हृदयात काही बदललं आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही. दोन्ही वेळची चित्रं शेजारी लावून पाहिली तर मात्र सांगता येतं. म्हणून कागदाबरोबर सीडी किंवा पेन ड्राइव्हवर चित्रंही मागून घ्यावीत असं मी सगळ्यांना सांगतो.

तपासणीच्या वेळची अवस्थाही आकडा हलवते. रक्तदाब 180 असताना हृदयाला जास्त जोर लावून ढकलावं लागतं, तेव्हा पंपिंग कमी दिसू शकतं. डायलिसिसच्या आधी आणि नंतर कप्प्यांचा आकार वेगळा येतो. ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर प्रत्येक ठोक्याचं पंपिंग वेगळं असतं, एका ठोक्यावरून निकाल न देता किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते.

आणि उंची-वजन! आपल्याकडच्या कितीतरी रिपोर्टांवर ते लिहिलेलंच नसतं. डाव्या कर्णिकेचं घनफळ 50 मिली आलं. हे मोठं की नेहमीचं? 150 सेंटिमीटर उंच, 45 किलो वजनाच्या बाईचं शरीराचं पृष्ठफळ सुमारे 1.37 चौरस मीटर. भागाकार केला तर चौरस मीटरला 36 मिलीच्या वर येतं, आणि 34 च्या वर गेलं की कर्णिका वाढलेली समजतात. 180 सेंटिमीटर उंच, 90 किलोच्या पुरुषात तेच 50 मिली भागून 24 पेक्षाही कमी भरतात. त्याचं अगदी ठीक. सामान्य मर्यादांच्या तक्त्यांपैकी बराचसा भाग पाश्चात्त्य लोकांच्या मोजमापांतून आलेला आहे. 15 देशांतल्या सुमारे 2,000 निरोगी माणसांच्या एका मोठ्या अभ्यासात भारतीयांच्या डाव्या जवनिकेचं घनफळ सर्वांत कमी आढळलं. आपल्या लहान चणीच्या माणसात तक्त्याप्रमाणे ‘नॉर्मल’च्या वरच्या टोकाला बसणारा कप्पा खरं तर पसरू लागलेला असू शकतो, हे डॉक्टरांनी ध्यानात ठेवायला हवं.

डावी कर्णिका आणि दुर्लक्षित उजवी बाजू

डाव्या कर्णिकेकडे रुग्ण कधीच पाहत नाहीत. पण डाव्या जवनिकेत भरताना दाब वाढत असेल तर तो मागे कर्णिकेवर येतो, आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला तर कर्णिका ताणली जाते. पंपिंग आज चांगलं आणि उद्या कमी दिसू शकतं, कर्णिका मात्र एका दिवसात वाढत नाही. दीर्घकाळचा रक्तदाब तिच्यात नोंदला जातो. लहानपणच्या संधिवाती तापानं मायट्रल झडप अरुंद झालेल्यांची कर्णिका तर प्रचंड वाढते. तिथे ठोके अनियमित होतात, रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. रिपोर्टवर बहुधा ‘एलए 38 मिमी’ असा एका रेषेचा आकडा असतो. तो अपुरा आहे. कर्णिका पुढे-मागे न वाढता लांबीत वाढली तर त्या रेषेला ते कळतही नाही. घनफळच मागावं.

उजवी जवनिका डावीला चंद्रकोरीसारखी बिलगलेली असते, तिला कुठलंच सोपं सूत्र बसत नाही. म्हणून तिचं टक्क्यांतलं पंपिंग न काढता तिच्या झडपेची कड प्रत्येक ठोक्याला किती खाली सरकते ते पाहतात. ते ‘टॅप्सी’ 17 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर उजवी बाजू अशक्त. फुप्फुसाच्या जुन्या आजारात आणि फुप्फुसात गुठळी अडकली असता हा आकडा सर्वांत आधी पाहावा.

‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’, म्हणजे कप्पा सैल होऊन भरण्यात किंचित अडचण, या शब्दांनी जितकी झोप उडते तितकी उडायचं कारण नाही. वयाबरोबर हृदय सैल व्हायला थोडा जास्त वेळ घेतं, आणि साठीनंतर ही नोंद फार जणांच्या रिपोर्टवर असते. दम लागत नसेल आणि कर्णिका वाढलेली नसेल तर रक्तदाब आटोक्यात ठेवणं हाच त्यावरचा इलाज.

एक गैरसमज मात्र जिवावर बेतणारा आहे. ‘इको नॉर्मल आला, म्हणजे ब्लॉकेज नाही.’ इको स्नायूची हालचाल दाखवतो, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून दाखवत नाही. धमनी बरीच अरुंद झालेली असली तरी बसल्या जागी स्नायूला रक्त पुरत असेल तर भिंत छान हलते, आणि रिपोर्टवर ‘नो आरडब्ल्यूएमए’, म्हणजे भिंतीचा कुठलाही भाग कमी हलत नाही, असं येतं. चालताना छातीत आवळल्यासारखं होत असेल तर नॉर्मल इकोवर विसंबून राहू नये.

आकड्यावर निर्णय अडतो तेव्हा

काही ठिकाणी मात्र दोन-चार अंकांनी रुग्णाची वाट बदलते. पंपिंग 40 किंवा त्याखाली असेल तर हार्ट फेल्युअरच्या ठराविक चार गटांतली औषधं सुरू होतात. योग्य औषधं किमान तीन महिने घेऊनही ते 35 च्या वर गेलं नाही, तर अचानक मृत्यू टाळण्यासाठी शॉक देणारं यंत्र छातीत बसवण्याचा विचार होतो. मायट्रल झडप स्वतःच बिघडून खूप गळत असेल, तर 60 हा आकडासुद्धा धोक्याचा, कारण अशा हृदयाचं बरंचसं रक्त सोप्या वाटेनं मागे कर्णिकेत जातं आणि टक्के फुगलेले दिसतात. तिथे पंपिंग 60 पर्यंत उतरलं, किंवा आवळलेल्या अवस्थेतली रुंदी 40 मिलिमीटरवर पोचली, की त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा सल्ला देतात.

स्तनाच्या कर्करोगावरच्या डॉक्सोरुबिसिन, ट्रॅस्टुझुमॅब यांसारख्या औषधांनी हृदयाचा स्नायू दुखावू शकतो. त्या रुग्णांत पंपिंग घसरेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. म्हणून ‘स्ट्रेन’ मोजतात, म्हणजे स्नायू लांबीत किती टक्के आखडतो ते. निरोगी माणसात तो उणे 20 च्या आसपास असतो. पहिल्या मोजणीच्या तुलनेत त्यात 15 टक्क्यांहून जास्त घट झाली तर पंपिंग अजून नॉर्मल असलं तरी डॉक्टर सावध होतात. यासाठी पहिला इको केमोथेरपी सुरू होण्याआधीच झालेला हवा, आणि पुढचे शक्यतो त्याच यंत्रावर, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे स्ट्रेनचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.

औषधांनी पंपिंग सुधारतं, पसरलेला कप्पाही आवळत जातो, आणि 30 चं 55 झालेलं पाहण्यासारखा आनंद नाही. तिथेच बरेच जण गोळ्या बंद करतात. लंडनमध्ये याच प्रश्नावर एक अभ्यास झाला. हृदय पसरून मग पूर्ण सुधारलेल्या 51 जणांपैकी 25 जणांची औषधं देखरेखीखाली हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत त्यातल्या 11 जणांचा आजार उलटला. औषधं चालू ठेवलेल्या 26 जणांत त्या सहा महिन्यांत एकाचाही उलटला नाही.